बबड्या, पंख्यावर विश्वास ठेवू नकोस

चि. बबड्यास,


परवा फोनवर तू एका दमात सगळं सांगून टाकलंस. रत्नागिरीत संध्याकाळी वीज गेली, परत आली आणि तुझा कॉम्प्युटर उठलाच नाही. बटण दाबलं तरी काही नाही. दुकानदार म्हणाला, 'एसएमपीएस उडाला, नवा टाका.' तुझा त्याच्यावर विश्वास बसेना. मग कुठलातरी व्हिडिओ बघून तू एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, सोडवलास, हिरव्या आणि काळ्या वायरीत जेमक्लिप वाकवून घातलीस, पंखा गरगर फिरला आणि तू निकाल देऊन मोकळा झालास: एसएमपीएस ठणठणीत आहे, गेला तो मदरबोर्ड. वर मला विचारलंस, 'आत्या, नवा बोर्ड घेऊ का?'

घेऊ नकोस. निदान हे पत्र पुरतं वाचल्याशिवाय तरी घेऊ नकोस.

पत्र तुला पोस्टाने न पाठवता छापायला देते आहे, कारण हा प्रश्न तुझ्या एकट्याचा नाही. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेडला शिकवत होते तेव्हापासून शेजारीपाजारी, सोसायटीतले, नात्यातले सगळे हेच विचारत आलेत. तुझं नाव बदलायची गरज वाटली नाही. तुला घरी बबड्या म्हणतात हे तुझ्या क्लायंटना कुठे ठाऊक आहे!

आधी विजेवरचा आळ जरा बाजूला ठेवू. वीज गेली आणि यंत्र मेलं की लोक विजेलाच धरतात. कधी कधी ते खरंही असतं. वीज परत येताना झटका बसतो, फ्यूज फुटतो. पण जो एसएमपीएस वर्षानुवर्षं चालू आहे, तो आतून सुकत आला असला तरी गरम असेतो तग धरतो. वीज जाते, तो थंड होतो, आणि पुन्हा शून्यापासून उठायची वेळ आली की त्याला उठवत नाही. दुखणं जुनं, निमित्त नवं. तुझ्या बाबतीत मला पहिल्यापासून हाच संशय आहे.

आता तपासणी. ती स्क्रू-ड्रायव्हरने नाही, भिंतीपासून सुरू करायची. त्याच सॉकेटला टेबललॅम्प लावून बघ. स्पाइकगार्ड बाजूला काढ आणि कॉम्प्युटरची पॉवर कॉर्ड सरळ भिंतीत लाव. कॉर्ड दुसरी लावून बघ. एसएमपीएसच्या पाठीमागचं छोटं बटण कुणीतरी झाडलोट करताना बंद केलंय का ते बघ. हसू नकोस, दुरुस्तीला आलेल्या कितीतरी 'मेलेल्या' कॉम्प्युटरांना एवढाच आजार असतो. जुन्या डब्यांवर मागे एक लाल सरकबटणही असतं, ११५ आणि २३० असं लिहिलेलं. ते २३०वरच पाहिजे. आपल्याकडे ते चुकून ११५वर सरकवून चालू केलं तर मोठा आवाज येतो आणि पुढच्या तपासणीची गरज उरत नाही.

भिंत चांगली निघाली की कॅबिनेटचं पुढचं बटण बघायचं. ते बटण वीज तोडत किंवा जोडत नाही, मदरबोर्डला फक्त इशारा देतं. बोर्डावरच्या त्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडल्या आणि यंत्र उठलं, तर दोष दहा-वीस रुपयांच्या बटणाचा.

इथे थोडं थांबून हा डबा करतो काय ते सांगते, कारण ते कळल्याशिवाय वायरींचे रंग पाठ करण्यात अर्थ नाही. तुझ्या आजोबांचा टीव्हीचा स्टॅबिलायझर आठवतो? उचलताना कमरेत कळ यायची. त्यात लोखंडी पट्ट्यांचा ट्रान्सफॉर्मर होता, कारण आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची, आणि इतक्या संथ विजेला मोठं लोखंड लागतं. एसएमपीएस वेगळी वाट धरतो. तो आधी २३० व्होल्टची एसी सरळ करून तिची सुमारे ३२५ व्होल्टची डीसी करतो, मग ट्रान्झिस्टरने तिचे सेकंदाला हजारो तुकडे पाडतो. इतक्या वेगाने उघडझाप केली की बोटांच्या चिमटीत मावेल एवढ्या ट्रान्सफॉर्मरमधूनही शेकडो वॉट निघतात. पलीकडे पुन्हा सरळ केलं, गाळलं, की १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार. १९७७च्या अ‍ॅपल टूमध्ये रॉड होल्ट यांनी असाच हलका, थंड चालणारा पुरवठा बसवला होता. १९८१च्या पहिल्या आयबीएम पीसीचा एसएमपीएस फक्त ६३.५ वॉटचा होता. आज एकटं ग्राफिक्स कार्ड त्याच्या कैक पट खातं.

तुझ्या दुखण्याच्या मुळाशी जाणारा बदल मात्र १९९५चा. इंटेलने एटीएक्स ही रचना आणली आणि कॉम्प्युटरचं खटकन् बंद होणारं बटण गेलं. त्यानंतर कॉम्प्युटर 'शट डाउन' झाला तरी भिंतीचं बटण चालू आहे तोवर डब्यात एक छोटा पुरवठा जागा राहतो. जांभळ्या वायरीतून तो मदरबोर्डला ५ व्होल्ट देत राहतो. तू पुढचं बटण दाबतोस तेव्हा तो इशारा ओळखायला बोर्ड जागा असतो तो याच्या जिवावर. म्हणजे हा छोटा पुरवठा दिवसरात्र कामावर. वर्षाचे ८,७६० तास. मोठ्या भावाला रविवारची सुट्टी आहे, याला नाही. त्यामुळे मरतोही बहुधा हाच आधी.

म्हणून मीटर हातात घेतल्यावर पहिली वायर जांभळी. मल्टिमीटर डीसीच्या २० व्होल्टवर, काळी प्रोब कुठल्याही काळ्या वायरीला, लाल प्रोब जांभळीला. भिंतीचं बटण चालू, कॉम्प्युटर बंद. इथे ४.७५ ते ५.२५च्या मध्ये काहीतरी आलं पाहिजे. काहीच नाही आलं तर फ्यूज, प्रायमरी (ट्रान्सफॉर्मरच्या अलीकडची, भिंतीकडची बाजू) किंवा हा छोटा पुरवठाच गेला. पुढे हिरवी वायर. जांभळी ठीक असेल तर हिरवीवरही साधारण ३ ते ५ व्होल्ट दिसतील. बटण दाबलं की मदरबोर्ड तिला शून्यावर ओढतो आणि मोठा पुरवठा उठतो. तू जेमक्लिपने केलंस ते एवढंच: मदरबोर्डच्या जागी स्वतः हिरवी शून्यावर ओढलीस. तिसरी राखाडी. सगळी व्होल्टेज जागेवर आली की एसएमपीएस १०० ते ५०० मिलिसेकंद थांबून राखाडीवर ५ व्होल्ट देतो, म्हणजे बोर्डला कळवतो की आता चालू दे. राखाडी आली नाही तर पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन मात्र काळी. असं यंत्र घेऊन लोक रॅम बदलत बसतात.

बाकीच्या रंगांची गोष्ट थोडक्यात. पिवळी १२, लाल ५, नारिंगी ३.३. मर्यादा पाच टक्के, म्हणजे पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५, नारिंगीवर ३.१४ ते ३.४७. हे आकडे भिंतीवर लिहून ठेव.

आणि आता तुझा पंखा. तो पिवळीवर चालतो आणि अर्धा अँपियरसुद्धा खात नाही. रिकामी बैलगाडी कुठलाही बैल ओढतो. घाट लागला की बैल कळतो. जेमक्लिपच्या चाचणीत पंखा फिरला याचा अर्थ फ्यूज शाबूत आहे, मोठे ट्रान्झिस्टर जिवंत आहेत, डबा पूर्ण मेलेला नाही. एवढंच. लोड आल्यावर व्होल्टेज तग धरतं का, त्यात तरंग किती आहेत, याबद्दल पंखा एक अक्षर बोलत नाही. म्हणूनच मी तुला फोनवर सांगितलं की सगळं परत जोड आणि कनेक्टरच्या पाठीमागून, वायर जिथे आत शिरते तिथून, प्रोब आत सरकवून जांभळी मोज. तू मोजलीस. सुटी असताना ४.९, मदरबोर्ड जोडल्यावर ४.२. बटण दाबलं की आणखी खाली.

तिथेच निकाल लागला. बोर्ड निर्दोष आहे अशी हमी यातून मिळत नाही, कारण बोर्डात कुठे शॉर्ट असला तरी जांभळी खाली बसू शकते. पण तू नंतर जाळीतून टॉर्च मारून जो फोटो पाठवलास, त्यात वायरींचा झुबका बाहेर पडतो तिथले दोन कंडेन्सर टोपी फुगवून बसलेत, आणि एकाच्या माथ्यावर तपकिरी डाग आहे. दुसरा साक्षीदार शोधायला नको.

कंडेन्सर म्हणजे हल्लीच्या पुस्तकात कपॅसिटर. आमच्या पिढीच्या तोंडी कंडेन्सरच. त्याच्या माथ्यावर क्रॉसची किंवा के अक्षराची खाच मुद्दाम पाडलेली असते, आत वायू झाला तर तिथून हलकेच उघडावा, फुटू नये म्हणून. आत ओलसर रसायन असतं आणि ते वर्षानुवर्षं थोडं थोडं उडून जातं. कंडेन्सरच्या अंगावर '१०५°' लिहिलेलं असतं, आणि कंपनीच्या माहितीपत्रकात त्या तापमानाला, समजा, २,००० तासांचं आयुष्य. तापमान दहा अंशांनी उतरलं की दर वेळी आयुष्य दुप्पट, हा ढोबळ नियम. कंडेन्सर ६५ अंशांवर राहत असेल तर ३२,००० तास, म्हणजे अखंड चालला तर साडेतीन वर्षांच्या जरा पुढे. तोच जर कंपनीने पैसे वाचवायला ८५ अंशांचा टाकला असेल तर ८,००० तास, वर्षसुद्धा नाही. आता वर लिहिलेले ८,७६० तास पुन्हा बघ आणि स्वस्त डब्यांचा जांभळा पुरवठा का मरतो ते तुझं तूच ठरव. त्यात कोकणातला उकाडा, आणि टेबलाच्या कोपऱ्यात भिंतीला टेकवून ठेवलेला कॅबिनेट.

२०००नंतरच्या काही वर्षांत तर जगभर मदरबोर्डांवरचे आणि एसएमपीएसमधले कंडेन्सर अकाली फुगत होते. तैवानच्या काही कारखान्यांतलं रसायनच सदोष निघालं होतं. रसायनाचं सूत्र चोरीचं होतं आणि चोरताना अर्धवट चोरलं, अशी एक चविष्ट कथा तेव्हा फिरली. कथा सिद्ध झाली नाही. कंडेन्सर मात्र पोत्याने बदलले गेले.

फुगलेला कंडेन्सर कुणालाही दिसतो. पंचाईत आहे ती न फुगलेल्या मेलेल्याची. जांभळ्या पुरवठ्याच्या प्रायमरी बाजूला एक करंगळीच्या पेराहून लहान कंडेन्सर असतो. तो सुकला तरी दिसायला नवा कोरा. काही जुन्या रचनांमध्ये तो सुकला की लगामच सुटतो: ५ व्होल्टच्या जागी जांभळीवर भलतंच काही येतं आणि मदरबोर्ड जळतो. म्हणून फुगलेले दोन बदलून थांबायचं नाही, तोही बदलायचा. साध्या मीटरवर कपॅसिटन्स बरोबर आला तरी आतला रोध वाढलेला असतो. तो ईएसआर मीटरवर कळतो. तो मीटर माझ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही, आणि तुला घ्यायची गरजही नाही.

आता ज्याच्यासाठी हे पत्र खरं म्हणजे लिहायला घेतलं तो भाग.

डबा उघडायचे चार स्क्रू असतात आणि एक स्टिकर, 'फाडल्यास वॉरंटी रद्द'. वॉरंटी शिल्लक असेल तर फाडू नकोस, सरळ दुकानात परत दे. शिल्लक नसेल तर ते चार स्क्रू म्हणजे घरातल्या बाकी कुठल्याही चार स्क्रूंसारखे नाहीत. आत मोठे कंडेन्सर असतात, २०० व्होल्टचे दोन किंवा ४०० व्होल्टचा एक. त्यांत ३२५ व्होल्ट भरलेले असतात. पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं) सर्किट असलेल्या डब्यात तर ३८०च्या आसपास. वायर भिंतीतून काढली तरी ते भरलेले राहू शकतात. त्यांना हळूहळू रिकामं करायला रेझिस्टर लावलेले असतात, पण बिघडलेल्या डब्यात तो रेझिस्टरच तुटलेला नसेल कशावरून? ३३० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ३२५ व्होल्टवर सुमारे १७ ज्यूल धरून ठेवतो. छातीतून गेले तर पुरेसे आहेत. हात झटक्याने मागे आला आणि पत्र्याच्या धारेवर फाटला, हे तर वर्कशॉपमधल्या मुलांना नेहमीचंच.

आमच्या वर्कशॉपची शिस्त अशी होती. कॉर्ड भिंतीतूनही काढायची आणि डब्यातूनही. अर्धा तास वाट बघायची. उघडल्यावर एक हात पाठीमागे. मीटर डीसीच्या १,००० व्होल्टच्या रेंजवर, मोठ्या कंडेन्सरच्या दोन पायांवर. व्होल्टेज दिसलं तर होल्डरमधल्या साध्या ४० वॉटच्या तारेच्या बल्बची दोन इन्सुलेटेड टोकं त्या पायांना लावायची आणि पुन्हा मोजायचं. स्क्रू-ड्रायव्हर आडवा घालून ठिणगी पाडणारे बहाद्दर मी पाहिलेत. त्यांच्या स्क्रू-ड्रायव्हरची टोकं वितळलेली असतात आणि सर्किटच्या पट्ट्या उडालेल्या. मोजून शून्य दिसेतो आत बोट घालायचं नाही. आणि उघडा डबा विजेला जोडायचा नाही. काही डब्यांत प्रायमरीकडचं हीटसिंक, ते अ‍ॅल्युमिनियमचं पंखांसारखं दिसणारं, थेट जिवंत असतं. दिसतं निरुपद्रवी आणि हात नेमका तिथेच टेकतो.

आत काय सापडेल? धूळ तर सापडेलच, पंख्याच्या दिशेने गोधडीसारखी जमलेली. कोकणात गंजही. झुरळं. आणि पाल. उबेला आत शिरलेली पाल प्रायमरीच्या दोन पायांवर आडवी होते, फट्‌कन आवाज येतो आणि घरमालक म्हणतो व्होल्टेज वाढलं. एकदा मुलांसमोर डबा उघडला तर बरोबर एसी सरळ करणाऱ्या ब्रिज रेक्टिफायरवर वाळलेली पाल, चारही पाय पसरून. मुलांना ब्रिज रेक्टिफायरचे चार पाय त्या दिवसानंतर पुन्हा शिकवावे लागले नाहीत.

आत बघताना फ्यूजची काच वाचायला शीक. तार मधोमध शांतपणे तुटलेली असेल तर एखाद्या झटक्याने गेला असेल. काच आतून काळी-चंदेरी झाली असेल तर पुढे ठार शॉर्ट आहे: ब्रिज, नाहीतर मोठे ट्रान्झिस्टर. अशा वेळी नुसता फ्यूज बदलून चालू केलं तर दुसरा फ्यूजही तितक्याच सुंदर काळा होतो. आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणाऱ्या कारागिराच्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नकोस.

तुझा फ्यूज शाबूत आहे, त्यामुळे काम सोपं. सेकंडरीचे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडचे, सगळे कंडेन्सर आणि तो प्रायमरीचा छोटा बदलायचा. व्होल्टेज तेवढंच किंवा थोडं जास्त, मायक्रोफॅरड तेवढेच, तापमान १०५ अंश, आणि 'लो ईएसआर' जातीचे. साधे घातले तर महिन्याभरात पुन्हा टोप्या वर. विकत घ्यायचे ते नाव असलेल्या दुकानातून, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत. सुट्ट्या खोक्यातले चकचकीत कंडेन्सर हे पुष्कळदा जुन्यावर नवं सालपट चढवलेले असतात. व्यास आणि उंची मोजून घे, नाहीतर बरोबर मालाला जागाच नसते. काढण्यापूर्वी पांढऱ्या पट्टीची, म्हणजे उण्या टोकाची, दिशा फोटोत टिपून ठेवायची. उलटा बसला तर फुटतो, आणि तो वास दोन दिवस जात नाही.

कंडेन्सरांच्या बुडाशी कारखान्यात ओतलेला पिवळट डिंक असतो. उष्णतेने तो तपकिरी होतो, काही वर्षांनी त्यातून थोडी वीजही वाहायला लागते आणि खालच्या पट्ट्या खातो. तो खरवडून काढायचा. जड भागांचं, ट्रान्सफॉर्मर आणि हीटसिंकच्या पायांचं, सोल्डर भिंगातून बघायचं. पायाभोवती केसाएवढी गोल चीर दिसली की ते ड्राय सोल्डर. नवं सोल्डर देऊन जिवंत करायचं. पंखा कुरकुरत असेल तर मागचं स्टिकर उचलून शिलाई मशीनचं एक थेंब तेल, पण नवा पंखा टाकणं बरं. पंखा थांबला की वरचं तापमानाचं सगळं गणित कोसळतं.

मग चालू करायचं ते डबा बंद करून, आणि सिरीज बल्बमधून. फेजच्या वायरीत १०० वॉटचा तारेचा बल्ब. शॉर्ट असेल तर बल्ब लखलखीत पेटून तसाच राहतो आणि डबा वाचतो. सगळं ठीक असेल तर कंडेन्सर भरताना एकदा उजळतो आणि विझत येतो. पीएफसीवाले डबे बल्बमधून नीट उठत नाहीत, तिथे एवढ्यावर निकाल लावायचा नाही. त्यानंतर सिरीज काढून, थेट विजेवर, लोड. मी मोटरसायकलच्या इंडिकेटरचे १२ व्होल्टचे बल्ब वापरते, एकेक करून वाढवत. जांभळीवरही वेगळा लोड द्यायचा, कारण तुझा दोष तिथेच होता. तासभर तापू द्यायचं आणि परत मोजायचं. हे झाल्याशिवाय तुझी हार्ड डिस्क त्याला जोडायची नाही. डिस्कवर तुझी तीन वर्षांची नकाशांची कामं आहेत आणि बॅकअप घेतोस का हे मी विचारलं तेव्हा तू विषय बदललास.

पण बबड्या, दुरुस्त करता येतो म्हणून प्रत्येक डबा दुरुस्त करायचा नसतो. माझं मत कडक आहे. आत बघ. मेन्सची वायर जिथे शिरते तिथे गाळणीचे भाग हवेत: गुंडाळीची चोक, एक चौकोनी पिवळा कंडेन्सर, झटका गिळणारी निळी चकती. स्वस्त डब्यांत त्यांच्या जागा छापलेल्या असतात आणि त्यावर नुसती तार आडवी टाकलेली असते. असला डबा फुकट दुरुस्त झाला तरी महाग. लेबलावरचं '४५० वॉट' वाचूही नकोस. पिवळ्या वायरीचे अँपियर वाच. १२ व्होल्टला १५ अँपियर लिहिले असतील तर तुझ्या प्रोसेसरला आणि कार्डाला मिळणार १८० वॉट, बाकीचा आकडा खोक्याच्या शोभेला. प्रायमरी पूर्ण उडाली असेल, ट्रान्झिस्टर, त्यांना चालवणारी चिप, आजूबाजूचे रेझिस्टर असं रांगेने गेलं असेल, तर शिकण्यासाठी जरूर खोल, वापरण्यासाठी नको. त्यातला एखादा अर्धमेला भाग राहून जातो आणि महिन्याने बाकीच्यांना घेऊन जातो. नवा घ्यायचाच झाला तर ८० प्लस प्रमाणित घे. २००४ साली सुरू झालेली ती योजना विजेची बचत मोजते, टिकाऊपणा मोजत नाही, पण ती पायरी चढलेला डबा निदान आतून रिकामा नसतो.

तुझा डबा वजनदार आहे, लेबलावर १२ व्होल्टचे अँपियर भरपूर आहेत, फोटोत चोकही दिसते. तो वाचवण्याजोगा आहे.

एक गोष्ट मात्र मी फोनवर मुद्दाम काढली नाही, कारण वहिनी ऐकत होती आणि ती उगाच घाबरली असती. तू सहज म्हणालास, 'कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, पण ते सगळ्यांनाच येतात.' सगळ्यांना येत नाहीत. ज्यांच्याकडे अर्थिंग नाही त्यांना येतात. एसएमपीएसच्या तोंडाशी फेजपासून एक आणि न्यूट्रलपासून एक असे दोन छोटे निळे कंडेन्सर बॉडीला जोडलेले असतात, गोंगाट जमिनीत सोडायला. जमीनच जोडलेली नसेल तर पत्रा मधोमध, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, लोंबकळत राहतो. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण उद्या आत खरोखर शॉर्ट झाला तर फ्यूज उडवायला जी वाट लागते ती अर्थिंगची, आणि तुझ्या घरात ती वाट तुझ्या हातापायांतून जाईल. तुमच्याकडे जांभ्याच्या कातळात अर्थिंग बसवणं कष्टाचं आहे, उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडतो, हे मला माहीत आहे. तरीही वायरमनला बोलावून ते मोजून घे. नवा एसएमपीएस, जुना एसएमपीएस, सगळं त्यानंतर.

तर असं कर. अर्थिंगचं काम याच आठवड्यात. डिस्क काढून कुणाच्यातरी यंत्राला लावून नकाशांची एक प्रत करून ठेव. डबा उघडू नकोस. तसाच वर्तमानपत्रात गुंडाळून येशील तेव्हा घेऊन ये. चारही स्क्रू तूच काढायचे, सोल्डरही तूच करायचं. मी शेजारी मीटर घेऊन बसेन.

घरी सगळ्यांना नमस्कार आणि आशीर्वाद सांग.

तुझी,
आत्या

ता. क. येताना जुन्या घराच्या माळ्यावर १०० वॉटचा तारेचा बल्ब सापडला तर आण. आमच्याकडे दुकानात आता फक्त एलईडी मिळतात, आणि सिरीजसाठी एलईडी चालत नाही.